राजमुकुट आणि आरोपीचा पिंजरा

१० नोव्हेंबर १९१८ या दिवशी पहाटे हॉलंडच्या सरहद्दीवरील आइस्डेन या खेड्याजवळ काही मोटारी येऊन थांबल्या. त्यांतील एका मोटारीत जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म होता. चार वर्षे ज्याच्या नावाने लक्षावधी सैनिक लढले आणि मेले, त्याच्यावर आता डच पहारेकऱ्यांकडे आत येण्याची परवानगी मागण्याची पाळी आली होती. आदल्याच दिवशी बर्लिनमध्ये त्याच्या पदत्यागाची घोषणा झाली होती. परवानगी मिळाली, आणि सम्राट हॉलंडच्या भूमीवर आला. परंतु येथून पुढे हा मनुष्य कोण, या प्रश्नाचे उत्तर युरोपातील कोणत्याही कायदेपंडिताजवळ तयार नव्हते. त्याला पदच्युत राजा म्हणावे, राजकीय आश्रित म्हणावे, की फरारी आरोपी म्हणावे? राष्ट्राच्या सर्वोच्च पुढाऱ्याच्या आज्ञेने सैन्याने बेकायदा कत्तली केल्या, तर त्या पुढाऱ्यावर परराष्ट्रांच्या न्यायालयात खटला चालविता येतो काय, हा प्रश्न अर्वाचीन इतिहासात प्रथम उभा राहिला तो या निमित्ताने. त्याला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. या अवधीत त्याला जी उत्तरे मिळाली त्यांचा हा मागोवा आहे.

या प्रश्नाकडे आपण सरकारी नोकर एका विशेष दृष्टीने पाहू शकतो. अधिकार आणि जबाबदारी यांचा संबंध आपल्या नित्याच्या परिचयाचा आहे. आपल्या राज्यघटनेच्या ३६१ व्या कलमान्वये राष्ट्रपती व राज्यपाल यांच्यावर पदाच्या मुदतीत फौजदारी खटला चालविता येत नाही. वरिष्ठ सरकारी नोकरावर त्याच्या कर्तव्याच्या ओघात घडलेल्या कृत्याबद्दल खटला भरावयाचा तर सरकारची पूर्वसंमती लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १९७ वे कलम आणि तिच्या जागी आलेल्या २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेचे २१८ वे कलम, या दोहोंचा आशय हाच. अशा संरक्षणामागे काही शहाणपण आहे. प्रत्येक निर्णयाबरोबर कोर्टाची पायरी दिसू लागली तर कोणी निर्णयच घेणार नाही. परंतु याच संरक्षणाची कक्षा वाढवीत नेली म्हणजे ती अशा ठिकाणी पोहोचते की, एका खुनाला फाशी आणि दहा हजार खुनांना राजशिष्टाचाराची सलामी, असा विपरीत न्याय उभा राहतो. ही कक्षा कोठे संपते, हाच खरा वादविषय आहे.

युरोपात या बाबतीत एक जुना दाखला सांगतात. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याच्या वतीने ऱ्हाइनकाठच्या मुलखाचा कारभार पाहणारा पीटर फॉन हागेनबाख याच्यावर १४७४ मध्ये ब्राइझाख येथे अठ्ठावीस न्यायाधीशांपुढे खटला चालला. खून व बलात्कार असे आरोप होते. आपण धन्याची आज्ञा पाळली, एवढाच त्याचा बचाव होता. तो मानला गेला नाही आणि हागेनबाखचा शिरच्छेद झाला. या निकालात पुढील साडेपाचशे वर्षांचे बीज सापडते असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. ज्याच्या आज्ञेचा हवाला दिला गेला तो ड्यूक त्या दिवशी आपल्या सिंहासनावर सुखरूप होता. चाकराला शिक्षा झाली आणि धनी मोकळा राहिला, ही परंपराही तेथूनच सुरू होते.

पहिल्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी ही परंपरा मोडावयाचे ठरविले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी जर्मनीने स्वतः दिलेली होती आणि तीच पायदळी तुडवून जर्मन सैन्य १९१४ च्या ऑगस्टमध्ये आत शिरले होते. एकट्या दिनां या गावात ६७४ नागरिक मारले गेले होते. १९१८ च्या डिसेंबरातील इंग्लंडच्या निवडणुकीत ‘कैसरला फाशी द्या’ ही घोषणा दुमदुमली. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या, तेव्हा त्याच्या २२७ व्या कलमात विल्हेल्मवर जाहीर आरोप ठेवण्यात आला होता. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, इटली व जपान या पाच राष्ट्रांच्या पाच न्यायाधीशांपुढे त्याचा न्याय व्हावयाचा होता.

तथापि या कलमाची भाषा बारकाईने पाहिली म्हणजे मसुदा करणाऱ्यांची अडचण ध्यानात येते. आंतरराष्ट्रीय नीतीविरुद्ध आणि तहांच्या पावित्र्याविरुद्ध परमापराध, असे आरोपाचे स्वरूप होते. नीतीविरुद्ध म्हटले होते, कायद्याविरुद्ध म्हटले नव्हते, कारण तसा कायदा अस्तित्वात नव्हता. जबाबदारी ठरविण्यासाठी नेमलेल्या आयोगात अमेरिकेचे प्रतिनिधी रॉबर्ट लॅन्सिंग आणि जेम्स ब्राउन स्कॉट यांनी आपला विरोध लेखी नोंदविला होता. राष्ट्रप्रमुख आपल्याच प्रजेला जबाबदार असतो, परक्या न्यायासनाला नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. जपानच्या प्रतिनिधींचाही सूर असाच होता. त्यांच्या देशात सम्राट हा कायद्याच्या वर होता आणि उद्या हा दाखला आपल्याच सम्राटाला लागू होईल, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

जानेवारी १९२० मध्ये दोस्तांनी कैसरची मागणी केली. डच सरकारने ती नाकारली. आम्ही या तहात सामील नाही, परागंदा माणसाला आश्रय देणे ही आमची जुनी रीत आहे, असे त्यांचे उत्तर होते. दोस्तांनी निषेधाचे खलिते पाठविले आणि प्रकरण तेथेच विझले. कैसरने डोर्न येथे एक वाडा विकत घेतला. पुढील वीस वर्षे तो तेथे लाकडे फोडीत आणि आठवणी लिहीत राहिला. ४ जून १९४१ रोजी तो वारला, तेव्हा ज्या हॉलंडने त्याला वाचविले ते हॉलंडच जर्मन सैन्याच्या टाचेखाली होते.

कैसर सुटला, तर निदान त्याच्या सेनानींना शासन व्हावे, म्हणून सुमारे नऊशे नावांची यादी तयार झाली. तीत हिंडेनबर्ग व लुडेनडॉर्फ हेही होते. जर्मनीने विरोध केला. अखेर दोस्तांनी पंचेचाळीस नावे पुढे केली आणि ती जर्मनांच्याच लाइपझिग येथील सर्वोच्च न्यायालयाकडे सोपविली. १९२१ मध्ये जे थोडे खटले चालले त्यांतील ‘लँडोव्हरी कॅसल’ या इस्पितळ-जहाजाचा खटला स्मरणीय आहे. जहाज बुडविल्यावर पाणबुडीने जीव वाचविणाऱ्या नावांवरही तोफा डागल्या होत्या. पाणबुडीचा कप्तान हाती लागला नाही. दोन दुय्यम अधिकाऱ्यांना न्यायालयाने बजावले की, जी आज्ञा बेकायदा आहे हे कोणासही उघड दिसावे, ती पाळणाऱ्यास आज्ञेची सबब चालणार नाही. तत्त्व खणखणीत होते. शिक्षा चार वर्षांची झाली, आणि दोघेही काही महिन्यांत तुरुंगातून पसार झाले.

न्यायासनाजवळ तत्त्व असते परंतु हात नसतात, ही गोष्ट मराठी वाचकास नवी नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा खून केला. धरण्याच्या हुकुमातील ‘ध’ चा ‘मा’ कोणी केला याविषयीची परंपरा सर्वांस ठाऊक आहे. तो खून पगारी सैनिकांनी केला, परंतु रामशास्त्र्यांनी बोट दाखविले ते गारद्यांच्या पलीकडे, गादीवर बसलेल्या राघोबादादांकडे. या अपराधास देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे सांगून ते पुणे सोडून गेले, अशी आठवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे काय झाले ते मात्र क्वचितच सांगितले जाते. राघोबादादांनी इंग्रजांचा आश्रय घेतला, त्यापायी युद्ध झाले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांना सालीना तीन लाखांची नेमणूक मिळाली. रामशास्त्र्यांचा निकाल लोकांच्या स्मरणात राहिला. अंमलात आला तो तह. डोर्नचा वाडा आणि ही नेमणूक यांत फारसे अंतर नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस चित्र पालटले, कारण या वेळी जर्मनीचा पराभव संपूर्ण होता आणि आश्रयास जागा उरली नव्हती. नाझी पुढाऱ्यांस चौकशीवाचून गोळ्या घालाव्यात असे ब्रिटिश सरकारचे मत बराच काळ होते. अमेरिकेने खटल्याचा आग्रह धरला. ८ ऑगस्ट १९४५ रोजी लंडन येथे जी सनद मंजूर झाली तिच्या ७ व्या कलमाने राष्ट्रप्रमुखपदाचा बचाव रद्द केला आणि ८ व्या कलमाने वरिष्ठांच्या आज्ञेचा बचाव रद्द केला. फार तर शिक्षा सौम्य करण्यासाठी आज्ञेचा विचार व्हावा, एवढीच सवलत ठेवली. या दोन कलमांची जोडी महत्त्वाची आहे. पूर्वी वरचा म्हणे, ‘मी राज्य आहे’. खालचा म्हणे, ‘मी केवळ हात आहे’. आणि दोघांच्या मध्ये अपराध नाहीसा होई. आता दोन्ही दारे एकाच वेळी बंद झाली.

न्युरेंबर्ग येथे २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ पर्यंत खटला चालला. बावीस आरोपींपैकी बारा जणांस फाशी, सात जणांस कैद आणि तिघांची सुटका, असा निकाल लागला. फिर्यादी पक्षाचा मुख्य आधार साक्षीदारांपेक्षा कागदांवर होता, आणि हा भाग आपल्यासारख्या कागदांत दिवस घालविणाऱ्यांनी अवश्य जाणून घ्यावा असा आहे. जर्मन कारभार अत्यंत नीटनेटका होता. प्रत्येक आज्ञेस क्रमांक, तारीख, प्रतींची संख्या आणि वितरणाची यादी असे. १८ ऑक्टोबर १९४२ ची हिटलरची ‘कमांडो आज्ञा’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. छापे घालणारे शत्रुसैनिक गणवेशात असोत वा नसोत, शरण आलेले असोत वा नसोत, त्यांना ठार करावे, असा तिचा आशय होता. तिच्या फक्त बारा प्रती काढल्या होत्या. सोबत जनरल योड्ल याने वेगळे पत्र जोडून ती कोणत्याही परिस्थितीत शत्रूच्या हाती पडू नये अशी ताकीद दिली होती. ती ताकीदच योड्लला भोवली. आज्ञा कायदेशीर आहे असे ज्याला वाटते तो ती इतकी लपवीत नाही.

मार्च १९४४ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर उतरलेले पंधरा अमेरिकन सैनिक पकडले गेले. ते सर्व गणवेशात होते. जनरल आंटोन डोस्टलर याने याच आज्ञेच्या आधारे त्यांना गोळ्या घालावयास लावले. त्याच्या हाताखालील अलेक्झांडर झू डोना-श्लोबिटेन या अधिकाऱ्याने त्या हुकुमावर सही करण्याचे नाकारले. त्याला सैन्यातून काढून टाकण्यात आले. युद्ध संपल्यावर डोस्टलरवर रोमला खटला झाला आणि १ डिसेंबर १९४५ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. सही न करणाऱ्यामुळे ते पंधरा जण वाचले नाहीत, हे खरे. परंतु ‘दुसरे काही करणे शक्यच नव्हते’ या डोस्टलरच्या आणि पुढे कित्येकांच्या बचावाला त्या एका कोऱ्या राहिलेल्या जागेने कायमचे उत्तर देऊन ठेवले आहे.

राष्ट्रप्रमुखापुरते पाहिले तर न्युरेंबर्गचा आरोपी एकच, आणि तो म्हणजे नौदलप्रमुख कार्ल डोनिट्झ. हिटलरने मृत्यूपूर्वी त्याला उत्तराधिकारी नेमले होते आणि सुमारे तीन आठवडे तो नावाचा राष्ट्राध्यक्ष होता. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पाणबुडी-युद्धाचे नियम त्याने मोडले, असे न्यायालयाने मान्य केले, परंतु त्याबद्दल शिक्षा मात्र दिली नाही. कारण बचावाच्या वकिलाने अमेरिकेचे नौसेनापती निमिट्झ यांची लेखी साक्ष मिळविली होती. पॅसिफिकमध्ये अमेरिकेनेही पहिल्या दिवसापासून पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध चालविले, असे त्यांनी प्रांजळपणे कळविले होते. ब्रिटिश नौदलाची मे १९४० ची आज्ञाही न्यायालयापुढे आली. जेत्यांनी जे केले तेच पराजितांनी केले म्हणून त्यास शिक्षा करणे न्यायाधीशांना जड गेले. त्यांच्या प्रामाणिकपणाचा हा पुरावा आहे. त्याच वेळी न्युरेंबर्गच्या मर्यादेचीही ही खूण आहे.

ती मर्यादा याहून भयंकर रूपाने कॅटिनच्या प्रकरणात दिसते. पोलिश युद्धकैदी अधिकाऱ्यांच्या या हत्याकांडाचा आरोप रशियाच्या आग्रहावरून जर्मनांवर ठेवण्यात आला होता. पुरावा उभा राहिना, तेव्हा निकालपत्रात त्याविषयी मौन पाळण्यात आले. खरा कागद मॉस्कोत मोहोरबंद होता. बेरियाने मार्च १९४० मध्ये सादर केलेल्या टिपणात पंचवीस हजारांहून अधिक पोलिश कैद्यांस मृत्युदंड द्यावा अशी शिफारस होती. ५ मार्चला पॉलिटब्यूरोने ती मान्य केली. टिपणावर स्टालिन, वोरोशिलोव्ह, मोलोटोव्ह व मिकोयान यांच्या सह्या आहेत आणि कालिनिन व कागानोविच अनुकूल असल्याची नोंद समासात आहे. एखादी बदली किंवा रजा मंजूर व्हावी तशा रीतीने हा प्रस्ताव मंजूर झाला. या सहांपैकी शेवटचा कागानोविच १९९१ मध्ये वारला. टिपण जगापुढे आले ते १९९२ मध्ये. एकावरही खटला झाला नाही. उलट, त्यांच्याच राज्याचा न्यायाधीश न्युरेंबर्गच्या व्यासपीठावर बसला होता.

टोकियोचा खटला मे १९४६ मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये संपला. अकरा राष्ट्रांचे अकरा न्यायाधीश होते. माजी पंतप्रधान तोजो याच्यासह सात जणांस फाशी झाली. त्यांतील हिरोता हा मुलकी पुढारी होता. नानकिंगच्या अत्याचारांच्या बातम्या परराष्ट्रमंत्री या नात्याने त्याच्याकडे येत होत्या. ते तत्काळ थांबवावेत असा आग्रह त्याने मंत्रिमंडळात धरला नाही, हा त्याच्याविरुद्धच्या निष्कर्षांतील एक प्रमुख भाग होता. आज्ञा देण्याइतकेच गप्प बसणेही अपराध ठरू शकते, हे येथे प्रथमच एवढ्या स्पष्टपणे सांगितले गेले. परंतु ज्याच्या नावाने युद्ध पुकारले गेले तो सम्राट हिरोहितो आरोपींत नव्हता. जपानचा कारभार सुरळीत चालण्यासाठी तो गादीवर राहणे अमेरिकेस सोयीचे होते. १९१९ मध्ये जपानी प्रतिनिधींना पडलेली चिंता अशा रीतीने अनाठायी ठरली.

भारताचे न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी बाराशेंहून अधिक पानांचे भिन्न मतपत्र लिहून सर्व आरोपींस निर्दोष ठरविले. त्यांच्या मताचा आपल्याकडे अभिमानाने उल्लेख होतो, पण ते वाचणारे थोडे. जपानी सैन्याचे अत्याचार घडलेच नाहीत, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. घडून गेल्यावर निर्माण केलेल्या गुन्ह्यासाठी आणि फक्त पराजितांसाठी भरविलेले न्यायालय हे न्यायालय होऊ शकत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. कैसरच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका निर्दय पत्राचा दाखला देऊन, पॅसिफिक युद्धात त्याच्या जवळपास जाणारी गोष्ट कोणती असेल तर ती अणुबाँब टाकण्याचा निर्णय, असे त्यांनी लिहिले. या आक्षेपास आजवर कोणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही. तरीही पाल यांच्या निष्कर्षाने मन पुरते निवत नाही. सर्व अपराध्यांस हात लावता येत नाही म्हणून एकासही लावू नये, हा नियम गावच्या चावडीवरही टिकणार नाही. आक्षेप खरा असेल तर त्याचा उपाय न्यायालय मोडण्यात नाही. तेच न्यायालय जेत्यालाही लागू करण्यात आहे.

त्या दिशेने शब्दांची प्रगती झाली. १९४६ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्युरेंबर्गची तत्त्वे मान्य केली आणि १९५० मध्ये ती सात कलमांत सूत्रबद्ध झाली. १९४९ च्या जिनीव्हा करारांनी युद्धकैदी व नागरिक यांच्या हत्येस गंभीर अपराध ठरवून आरोपीस शोधण्याचे बंधन प्रत्येक राष्ट्रावर टाकले. आपल्या संसदेने त्यासाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदा केला. यानंतर चाळीसहून अधिक वर्षे मात्र महासत्तांच्या शीतयुद्धामुळे एकही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय बसले नाही.

या दीर्घ अवधीतील एक प्रकरण दिल्लीशी निगडित आहे. १६ डिसेंबर १९७१ नंतर सुमारे त्र्याण्णव हजार पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात होते. बांगला देशाने त्यांतील १९५ जणांवर नरसंहार व युद्धगुन्हे यांबद्दल खटले चालविण्याचे जाहीर केले आणि १९७३ मध्ये तसा कायदाही केला. पाकिस्तानने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा आणला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो मागे घेतला. पाकिस्तानात अडकलेले बंगाली, कैद्यांची परतपाठवणी आणि नव्या राष्ट्राची मान्यता हे सारे प्रश्न एकमेकांत गुंतले होते. अखेर ९ एप्रिल १९७४ रोजी नवी दिल्ली येथे तिन्ही देशांचा करार झाला. त्यात पाकिस्तानने, काही अपराध घडले असल्यास, निषेध व खेद व्यक्त केला. बांगला देशाने क्षमाबुद्धीने खटले सोडून दिले. शांततेसाठी दिलेली ही किंमत होती, आणि ती देणाऱ्यांस दोष देणे आज सोपे आहे. ज्याच्या राजवटीत हे घडले तो याह्याखान १९८० मध्ये अंथरुणावर वारला. पाकिस्तानच्याच हमुदूर रहमान आयोगाने त्याच्यावर व इतर सेनानींवर जाहीर खटला चालवावा अशी शिफारस केली होती. तो अहवाल सव्वीस वर्षांहून अधिक काळ दडवून ठेवला गेला आणि २००० साली उघड झाला. पुन्हा तेच: कागद जिवंत, आरोपी मृत.

हेग हे नाव मराठी माणसास परिचित झाले ते १९११ मध्ये. मार्सेय बंदरात सावरकरांस फ्रेंच भूमीवर पकडण्यात आले, ते योग्य की अयोग्य, याचा निवाडा तेथील लवादाने केला. पकडण्याच्या रीतीत अनियमितपणा झाला असला तरी ब्रिटनवर त्यांना परत करण्याचे बंधन नाही, असा तो निवाडा होता. त्या वादात फ्रान्स व ब्रिटन हे दोनच पक्ष होते. ज्याच्या जन्माचा प्रश्न होता त्या व्यक्तीस तेथे स्थानच नव्हते. आंतरराष्ट्रीय कायदा राज्यांचा, व्यक्तीचा नव्हे, हे तेव्हाचे सूत्र. तेच हेग पुढे व्यक्तींस राज्यांच्या आडून बाहेर काढण्याचे ठिकाण बनले, हा गेल्या शतकातील मोठाच पालट होय.

युगोस्लाव्हियाच्या यादवीसाठी सुरक्षा समितीने १९९३ मध्ये तेथे न्यायाधिकरण स्थापिले. स्रेब्रेनित्सा येथे जुलै १९९५ मध्ये सात हजारांहून अधिक पुरुष व मुलगे मारले गेले. त्याबद्दल बोस्नियन सर्बांचा पुढारी काराजिच याला अखेर २०१९ मध्ये जन्मठेप झाली. सर्बियन नेता मिलोशेविच याच्यावर मे १९९९ मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदी असतानाच आरोप ठेवला गेला. सत्ता गेल्यावर २८ जून २००१ रोजी त्याच्याच देशाच्या सरकारने त्याला हेगला पाठविले. व्हर्सायच्या तहास त्या दिवशी बरोबर ब्याऐंशी वर्षे झाली होती. निकालापूर्वीच मार्च २००६ मध्ये तो कोठडीत वारला. रवांडाचा पंतप्रधान कांबांदा याने गुन्हा कबूल केला व १९९८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. लायबेरियाचा अध्यक्ष चार्ल्स टेलर याने शेजारच्या सिएरा लिओनमधील कत्तलींस साहाय्य केले, म्हणून त्याला २०१२ मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली. डोनिट्झनंतर राष्ट्रप्रमुखपद भूषविलेला हा पहिलाच दोषी.

दरम्यान कायद्याची रेषाही स्पष्ट झाली. २००२ मध्ये काँगो विरुद्ध बेल्जियम या दाव्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ठरविले की, पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्यास दुसऱ्या देशाच्या न्यायालयात ओढता येत नाही. परंतु अधिकारक्षेत्र असलेल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे त्याचा हा बचाव चालणार नाही. त्याच वर्षी रोमच्या १९९८ च्या करारान्वये कायम फौजदारी न्यायालय सुरू झाले. त्याच्या २७ व्या कलमात राष्ट्रप्रमुखपदाची सबब निःसंदिग्धपणे नाकारली आहे. रोममध्ये १२० राष्ट्रांनी बाजूने आणि सात राष्ट्रांनी विरुद्ध मत दिले. तटस्थ राहिलेल्या एकवीस राष्ट्रांत भारत होता. सुरक्षा समितीस दिलेले विशेष अधिकार आणि अण्वस्त्रांचा वापर व दहशतवाद यांना गुन्ह्यांतून वगळणे, हे आपले आक्षेप होते. पाल यांच्या मतपत्राचा प्रतिध्वनी त्यांत कोणासही ऐकू यावा. तथापि २०११ मध्ये लिबियाचे प्रकरण याच न्यायालयाकडे सोपविण्याच्या एकमुखी ठरावास भारतानेही मत दिले, हेही नमूद केले पाहिजे.

सुदानचा अध्यक्ष बशीर याच्यावर या न्यायालयाने २००९ मध्ये अटकेचे फर्मान काढले. जून २०१५ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेस गेला आणि तेथील न्यायालयाचा मनाई हुकूम असताना विमानाने निघून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो भारत-आफ्रिका परिषदेसाठी दिल्लीस आला. भारत सदस्य नसल्याने त्याला पकडण्याचे करारजन्य बंधन आपल्यावर नव्हते. २०१९ मध्ये त्याची सत्ता गेली, तरी त्याला हेगच्या स्वाधीन करण्यात आले नाही. मार्च २०२३ मध्ये रशियाचे अध्यक्ष पुतिन यांच्यावर युक्रेनी मुलांच्या बेकायदा स्थलांतराबद्दल फर्मान निघाले. न्यायालयाच्या सदस्य मंगोलियाने पुढील वर्षी त्यांचे स्वागत केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये गाझातील युद्धासंबंधी इस्राएलचे पंतप्रधान नेतान्याहू व माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा सेनानी दैफ यांच्यावर फर्माने निघाली. एप्रिल २०२५ मध्ये हंगेरीने नेतान्याहूंस पाचारण केले आणि आपण न्यायालयातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. त्यापूर्वीच, फेब्रुवारीत, अमेरिकेने या न्यायालयाविरुद्ध निर्बंध जारी केले होते. उलट, फिलिपीन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी पकडून हेगला पाठविले.

हा सारा इतिहास एकत्र ठेवला म्हणजे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. राष्ट्राच्या पुढाऱ्यावर आंतरराष्ट्रीय खटला चालू शकतो काय? चालू शकतो. कायदा याविषयी आता संदिग्ध नाही. परंतु जे प्रत्यक्ष पिंजऱ्यात उभे राहिले ते बहुतेक दोन वाटांनी आले: एक तर त्यांच्या राष्ट्राचा युद्धात पूर्ण पराभव झाला, किंवा त्यांची सत्ता गेल्यावर त्यांच्याच देशाने अथवा आश्रयदात्याने त्यांना सोडून दिले. बलिष्ठ राष्ट्राचा पदारूढ पुढारी आजवर एकही आलेला नाही. रामशास्त्र्यांचा निकाल आणि सालबाईचा तह यांमधील ओढाताण अद्याप संपलेली नाही.

मग या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग दोन ठिकाणी दिसतो. पहिला असा की, कैसरला निवांतपणे लाकडे फोडता आली. आज फर्मान निघालेल्या पुढाऱ्यास कोणत्या देशाचे विमानतळ सुरक्षित आहे याचा हिशेब करावा लागतो. दुसरा उपयोग अधिक खोल आहे आणि तो पुढाऱ्यापेक्षा त्याच्या खालच्या माणसांशी संबंधित आहे. कोणताही हुकूमशहा स्वतःच्या हाताने हजारोंना मारीत नाही. त्याला टिपण लिहिणारा, प्रत काढणारा, वितरणाची यादी करणारा आणि शेवटी सही करणारा मनुष्य लागतो. हागेनबाखच्या काळी त्या माणसास, ‘धनी जबाबदार आहे’ असे म्हणण्याची सोय होती. धन्यास, ‘मला कोण विचारणार’ असे म्हणण्याची सोय होती. आता दोघांनाही ती उरलेली नाही. न्यायालय पोहोचण्यास पन्नास वर्षे लागोत वा कधीच न पोहोचो, कागद पोहोचतो, आणि त्यावर कोणाची सही आहे व कोणी ती करण्याचे नाकारले, हे दोन्ही वाचले जाते.